रिकामं फिरवू नको गं

मनोजने मला पालथी घातली, मित्रांनो. पाच वर्षं. तोंड मातीत आणि पाठीवर पाण्याचं निळं पिंप. जिने या घराच्या चार पिढ्यांना भाकरी घातली, तिला कोणी असं ठेवतं का? पण मनोजला बोलणार कोण? मनोज दुःखी आहे. दुःखी माणसाला काही बोलायचं नाही, अशी हल्ली रीत निघाली आहे. मी बोलणार आहे. माझी शाळा झाली नाही, शब्द वाकडा पडला तर तुमचा तुम्ही सरळ करून घ्या.

मी एक जुनी तळी आहे. जात्याची तळी. जात्याला दोन दगड असतात. वरचा फिरतो, खालचा बसून राहतो. खालची ती मी. वरची गरगर फिरते, सगळ्यांच्या नजरेत तीच भरते. पण मी घट्ट बसले नाही तर एक चिमूट पीठ पडायचं नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईचं असंच असतं, पुढे कळेल तुम्हाला.

खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी होती. खाली भाताची खाचरं, वर डोंगर. मनोजच्या पणजोबाने पाथरवटाला आठ दिवस घरी ठेवून जेवू घातलं आणि त्याच डोंगराचा काळा दगड फोडून आम्हा दोघींना घडवून घेतलं. म्हणजे डोंगर हे माझं माहेर. हे ध्यानात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

पाथरवटाने छिन्नीने आमच्या अंगाला टाके पाडले. तेच आमचे दात. दात झिजले की टाकी लावणारी बाई यायची, टक टक करून पुन्हा धार आणायची. माझ्यावर दळलेल्या तांदळाची भाकरी अशी फुगायची की तव्यावरून उठून चालू लागेल. विजेची चक्की आली तशी मी मागे पडले, पण लग्नकार्यात मान माझाच. हळद माझ्यावरच दळायची. आमच्या घराची रीत अशी होती की हळकुंडं टाकायच्या आधी बायका खुंट्याला हात लावायच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायच्या. एका नावाला एक चिमूट तांदूळ. ज्याचं नाव घेतलं ते माणूस लग्नाला येतं. ज्याचं राहिलं ते उंबऱ्याबाहेर उभं राहतं, असं म्हणायचे.

आणखी एक बोलणं होतं. पोरं आम्हाला खेळायला म्हणून फिरवायची. मग आया ओरडायच्या, "रिकामं फिरवू नको गं, डोंगर हलंल!"

खरं कारण साधं. दाणा नसला की दगड दगडाला खातो. दात झिजतात आणि पुढच्या पिठात कच येते. पण पोरांना एवढं सांगत कोण बसणार? डोंगराकडे बोट दाखवलं की पोर गप. तीन पिढ्या मी ते बोलणं ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. माझ्यापायी डोंगर हलतो, हा काय थोडा मान झाला?

त्या मानाचं काय झालं ते आता सांगते.

पाच वर्षांपूर्वीच्या आषाढात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वीज गेलेली, म्हणून चक्की बंद. मनोज मोहोपाड्याला कंपनीत कामावर. त्याची बहीण अपेक्षा कर्जतला कॉलेजात. घरात मनोजची बायको नम्रता, सहा वर्षांची भाविका आणि तीन वर्षांचा स्वराज. नम्रताने दुपारी मला पुसून घेतलं आणि दोन भाकरींपुरतं पीठ दळलं. पीठ भरून ती चुलीकडे वळली, तशी भाविका येऊन बसली आणि रिकामं जातं फिरवू लागली.

"भाविका! रिकामं फिरवू नको गं. डोंगर हलंल."

पोरगी माझ्यासारखीच हट्टी. आईकडे बघत तिने आणखी एक फेरा दिला. नम्रताने उठून तिच्या पाठीत धपाटा घातला. हात पिठाचा होता. फ्रॉकवर पाच बोटं उठली, पांढरी. पोरगी रुसली, डोक्यावर गोणपाट घेतलं आणि खालच्या देवळात जाऊन बसली. रुसली की ती तिथेच जायची.

मित्रांनो, नीट ऐका. ती गेली. त्यानंतर नम्रताने भाकरी थापली, भाजली, अर्धी मोडून स्वराजला दिली. तो ती घेऊन माझ्यापाशी आला आणि माझ्या कडेला सांडलेलं पीठ बोटाने चाटत बसला. बराच वेळ गेला. मी कधीची थांबले होते. आणि मग आवाज झाला. माझ्यासारखाच. घरघर. पण तो माझा नव्हता.

माझं माहेर खाली आलं.

तीन दिवस मी मातीखाली होते. कोणाबरोबर होते ते सांगणार नाही. मोठ्यांनी मला विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

खणणाऱ्यांना मी सापडले. माझी वरची जोडीण आजवर सापडलेली नाही. मनोज माझ्याकडे बघत उभा राहिला, मग दोन माणसांच्या मदतीने त्याने मला टेंपोत घातलं. कशाला घातलं ते त्याला तरी ठाऊक असेल का? आधी पत्र्याच्या खोल्यांत राहिलो, मग सरकारी वसाहतीत पक्कं घर मिळालं. मागच्या दारी त्याने मला ठेवलं, माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मला पालथी घातली. वर पिंप ठेवलं. त्याच दिवशी अपेक्षाला सांगितलं, "या घरात त्या दिवसाचं नाव काढायचं नाय. पोर लहान हाय, इसरंल."

नम्रताचा आणि स्वराजचा फोटो पेटीत गेला. पिठाची बोटं उठलेला फ्रॉक अपेक्षाने आधीच धुऊन टाकला होता. तिला बिचारीला काय माहीत!

पहिल्या वर्षी माणसांची रीघ लागली. कॅमेरे आले, चादरी आल्या, बिस्किटं आली. एक ताई आली, तिने पोरांना खडू दिले. भाविकाने घर काढलं, झाड काढलं, मागे डोंगर काढला नाही. ताई शहाणी होती. मनोजला म्हणाली, "हिला बोलू द्या. अडवू नका." दोनदा आली, मग तिला दुसरीकडे काम लागलं. पाचव्या वर्षापर्यंत कोण येतं? जात्यातले रडतात, सुपातले हसतात, आणि जे बघायला येतात ते घरी जाऊन जेवतात.

आणि पोर विसरलं का? ऐका.

पाऊस लागला की भाविका पायांत चपला घालून झोपते. अपेक्षाच्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही. शाळेत डोंगराकडे पाठ करून बसत नाही, म्हणून बाई रागावतात. रस्त्याने भरलेला टेंपो गेला तर खाटेखाली जाते. अकरा वर्षांची झाली तरी कधीकधी अंथरूण ओलं होतं, आणि अपेक्षा काही न बोलता ते धुऊन टाकते. मिक्सर लावायच्या आधी भांड्यात काहीतरी आहे ना ते ही पोर दोनदा बघते. शेजारच्या रियाने एकदा गंमत म्हणून रिकामी थाळी गरागरा फिरवली. भाविकाने ती दोन्ही हातांनी दाबून धरली आणि रियाला चावली. सगळे म्हणाले, पोरगी वाईट वळणाला लागली.

मला ठाऊक होतं. वसाहतीत एकट्या मला ठाऊक होतं. कारण पाऊस आला की ती पोर मागच्या दारी यायची, पिंपाशी उकिडवी बसायची आणि माझ्या कडेच्या फटीतून तांदूळ आत सारायची. चिमूटभर. बोट जाईल तितकं आत. रिकामी राहू नये म्हणून मला भरवायची, मित्रांनो. एकही पाऊस चुकला नाही.

मनोज ओरडायचा, "इथं मुंग्या कशा होतात सारख्या?" आणि पावडर टाकायचा.

मला बोलता आलं असतं तर एका शब्दात तिला मोकळी केली असती. पण जातं फिरेल तेव्हाच त्याला आवाज. पिंपाखाली कसलं फिरणं?

यंदाच्या चैत्रात अपेक्षाचं लग्न ठरलं. पोशीरचा मुलगा, घरची भातशेती, नेरळला दुकान. सगळं चांगलं. पण भाविकाने त्या दिवसापासून जेवण टाकलं. वेणी पोशीरला चालली होती ना!

अपेक्षा एके सकाळी मनोजला म्हणाली, "दादा, हळद आपल्या जात्यावर दळायची."

"पाकिटातली आण. हळद ती हळद."

शेजारची हिरू दारात तांदूळ निवडत बसली होती. म्हातारी आमच्याच वाडीची, तिचीही दोन माणसं त्याच दुपारी गेली. तोंडाला धार माझ्यासारखी. ती म्हणाली, "मंग नवरा बी पाकिटातला आन गं अपेक्षा. पानी घातलं की तयार."

अपेक्षा हसली. मनोज हसला नाही. "हिरूकाकी, पोर आवाजाला भिते. तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय ना. टेंपोला बी भिते. मंग हायवे बंद करतोस का?"

"तुमी मधी पडू नका."

"पडनार. ही पोशीरला गेली की खाटेखाली त्या पोरीचा हात कोन धरनार? तू? पावसाळा आला की तू रात्रपाळी मागून घेतोस. आमी काय आंधळे हाव?"

मनोज उठला, मागच्या दारी आला आणि रागारागाने पिंप कलंडवलं. सगळं पाणी अंगणात. "घ्या! घ्या तुमचं जातं!" म्हणत त्याने पहारीने मला उलटवलं.

पाच वर्षांनी मी ऊन बघितलं. पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे माझ्याखालच्या जागेकडे बघत होते. काळे पडलेले, कुजलेले, गोळे झालेले तांदूळ. वरच्या थरात थोडे पांढरे, अलीकडचे. सुपात मावतील एवढे.

"उंदरानं आनलं असंल," मनोज म्हणाला.

"मी घातलं."

भाविका दारात उभी होती.

"कशाला गं?" अपेक्षाने विचारलं.

"रिकामं ऱ्हाऊ नये म्हनून."

कोणाला काही कळलं नाही. हिरूने सूप खाली ठेवलं. तिला कळलं, तीही त्याच वाडीची आई होती. तिने हळू विचारलं, "त्या दिवशी फिरवलं व्हतंस का गं?"

पोरीने मान हलवली. मग पाच वर्षं दाबलेलं एकदम बाहेर आलं. "आईनं सांगितलं व्हतं फिरवू नको. मी तरी फिरवलं. मुद्दाम. डोंगर माझ्यामुळं हलला. आई माझ्यामुळं... आनि तो बी." त्याचं नाव तिने घेतलं नाही. घरात नावच नव्हतं, घेणार कुठून?

मनोजने काय केलं सांगू? तोंड फिरवलं. भिंतीकडे. मला पालथी घातली होती ना, अगदी तसंच.

हिरूने पोरीला जवळ ओढली. "ए खुळे, माझ्या आईनं मला हेच सांगितलं, मी माझ्या पोरींना. जात्याचे दात जाऊ नये म्हनून सांगायचं असतं. मी ल्हानपनी शंभरदा फिरवलं, चोरून. हलला का डोंगर? पावसानं आला तो. आनि तू फिरवलंस म्हनून आईनं मारलं, मारलं म्हनून तू रुसून गेलीस. म्हनून आज दिसतेस."

भाविकाने मग विचारलं, "मंग त्याला बरोबर का नाय नेलं मी?"

हिरूने तिला आणखी जवळ घेतलं. "त्याला उत्तर नाय गं," ती म्हणाली. "मी बी माझ्या सुनेला बाजाराला नेली नाय त्या दिवशी. रोज इचारते मी. उत्तर येत नाय."

तेव्हा भिंतीकडून आवाज आला. मनोजचा. "माझी पाळी दोनला सुटली व्हती. पाऊस व्हता म्हनून मी नाक्यावर चहाला बसलो. दोन चहा पिलो."

एवढंच बोलला. पण त्या दिवसाबद्दल पाच वर्षांत पहिल्यांदा बोलला. भाविका त्याच्याकडे बघत राहिली. आपल्यासारखंच बाबाच्याही पोटात काही आहे, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

मग माझी सोय झाली. हिरूच्या घरची तळी दरडीत फुटली होती, वरचा दगड तेवढा वाचला होता. तो माझ्यावर बसवायचं ठरलं. कर्जतहून टाकी लावणारी बाई बोलावली. तिने दोघींचे दात जुळवून दिले. परक्या दगडाशी या वयात संसार करायचा म्हणजे आधी कुरकुर होणारच. मी केली. मग बसले.

हळदीच्या सकाळी बायका जमल्या. भाविका खाटेखाली होती. तिला कोणी ओढून काढली नाही, ते एक बरं केलं. अपेक्षा फक्त म्हणाली, "आता फिरवतेय गं. थांब म्हन, लगेच थांबवीन."

पहिला फेरा. घरघर. खाटेखालून किंकाळी आली, "थांब!"

अपेक्षाने थांबवलं. तिथल्या तिथे. मला जन्मात कोणी असं फेऱ्यात अडवलं नव्हतं, पण मी ब्र काढला नाही. थोड्या वेळाने खाटेखालून आवाज आला, "हां." पुन्हा फेरा. पुन्हा "थांब." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. बायकांचे हात अवघडले. एकीने कुरकुर केली तशी हिरू तिला म्हणाली, "तुला घाई असंल तर चक्कीवर जा." हळूहळू "थांब" उशिरा येऊ लागलं. आवाज होतो आणि आवाज थांबतो, हे त्या पोरीला पाच वर्षांत कोणी दाखवलंच नव्हतं. तिचा एकच आवाज होता, न थांबणारा.

मग नावं घ्यायची वेळ आली. पणजोबा, आजी, आजोबा, मग मनोजचे आई-बाप. एकेक चिमूट. अपेक्षा म्हणाली, "नम्रतावहिनी." पुढचं नाव कोणी घेईना. एवढ्या लहान पोराचं नाव या रीतीत कधी आलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

भाविका बाहेर आली. पायांत चपला, मुठीत तांदूळ. तांदूळ जात्याच्या तोंडात घातले आणि दाराकडे बघून म्हणाली, "स्वराज. बाहेर उभा ऱ्हाऊ नको रं. आत ये."

ते तांदूळ माझ्यावर उतरले. मित्रांनो, चार पिढ्यांत मी बरंच पीठ केलं. त्या चिमटीएवढं जड काही दळलं नाही.

हळद दळून झाली. माझं अंग पिवळं झालं. बायका ताट घेऊन आत गेल्या, सगळी हळद कुंच्याने झाडून घेतली. मी रिकामी झाले. भाविका तिथेच बसून राहिली. मागच्या दारातून डोंगर दिसतो, अजून त्याच्या अंगावर तो तांबडा ओरखडा आहे, गवत धरत नाही. ती त्याच्याकडे बघत होती. मनोज दारात उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "रिकामं फिरवू?"

मी मनातून नाही म्हणणार होते. आत्ताच टाकी लावलेली, नवे दात. आयुष्यभर याच गोष्टीला मी नाक मुरडलं. पण मग वाटलं, हे दात ठेवून तरी कोणाला चावायचं आहे?

मनोज आला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. आमच्याकडे पुरुष जात्याशी बसत नाहीत. तो बसला. खुंट्यावर तिचा हात, वर त्याचा. तिचा दुसरा हात त्याच्या सदऱ्याला घट्ट धरलेला. सदऱ्यावर पाच बोटं उठली, पिवळी. त्याने ती बघितली आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं असतं, पण दगडाला दुसरीकडे बघता येत नाही.

फिरवलं त्यांनी. रिकामं. दगडावर दगड. माझ्या आतून जो आवाज निघाला तो दाण्याचा नव्हता, निव्वळ माझा. भाविकाने डोंगरावरची नजर काढली नाही. एक फेरा. दोन. तीन.

डोंगर जागचा हलला नाही.

त्या रात्री पाऊस नव्हता, तरी ती चपला घालून झोपली, हे सांगून ठेवते. एका सकाळीत पोर बरं होतं असं सांगणाऱ्याच्या तोंडाला पीठ लावा. पण ते तीन फेरे चालू होते तेवढ्यात मला वाचा होती, आणि पाच वर्षं साठवलेलं मी मोठ्याने मनोजला बोलून घेतलं. त्याला ऐकू आलं असणार, कारण त्याने मान खाली घातली.

"ऐक रं मनोज. डोंगर हलंल ह्या खोट्या धाकाला मी तीन पिढ्या मान समजले, ती माझी चूक, मी माझे दात झिजवून फेडतेय. तुझी चूक ही की तू पोरीच्या तोंडावर पिंप ठेवलंस आणि त्याला माया म्हणालास. यंदाच्या पावसात रात्रपाळी घ्यायची नाही. तिच्या खाटेशी बसायचं. ती विचारील तेव्हा सांगायचं, ठाऊक नसलं तर ठाऊक नाही म्हणायचं, पण भिंतीकडे बघायचं नाही. आणि आत्ताच्या आत्ता ऊठ, पेटीतला तो फोटो काढ आणि पूस. हळदीला माणसं आली आहेत, आणि घरातली दोघं अजून अंधारात आहेत."